सोळावं अक्षर

६ मार्च १९४२, शुक्रवार. हेग शहरातली फॅरेनहाइटस्ट्राट, संध्याकाळची वेळ. एका वकिलाच्या फ्लॅटमध्ये ह्यूब लाउवर्स हा डच तरुण सुटकेसमधला रेडिओ जोडून बसला होता. लंडनशी बोलायची ठरलेली वेळ जवळ आली होती आणि तीन संदेश सांकेतिक लिपीत घालून तयार होते. तेवढ्यात घरमालकाला खिडकीतून रस्त्यावर उभ्या गाड्या दिसल्या. लाउवर्सने कागद खिशात कोंबले आणि घरमालकाबरोबर काही घडलंच नाही अशा चालीने तो रस्त्यावर आला. थोड्याच अंतरावर दोघांना धरलं. वर घरात मालकिणीने रेडिओची सुटकेस मागच्या खिडकीतून बाहेर फेकली. ती खाली बागेत पडायची, पण कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांवर अडकली आणि तिथेच जर्मनांच्या हाती लागली.

त्या दोऱ्यांवर लोंबणाऱ्या सुटकेसपासून पुढे पन्नासच्या वर माणसं शत्रूच्या हाती पडली आणि त्यातली बहुतेक मेली. जर्मनांनी या कारवाईला ‘नॉर्डपोल’, म्हणजे उत्तर ध्रुव, असं नाव दिलं. डच लोक तिला ‘एंग्लंडश्पील’, इंग्लंडशी खेळलेला डाव, म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातल्या हेरगिरीत ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते, पण बहुतेक वेळा जर्मन अधिकाऱ्याच्या चलाखीची गोष्ट म्हणून. मला ती तशी वाटत नाही. मी स्वतः हौशी रेडिओवाला आहे, मोर्स कानाने शिकलेला. माझ्यासाठी हे प्रकरण एका धोक्याच्या इशाऱ्याचं आहे. पाठवणाऱ्याने तो ठरल्याप्रमाणे पाठवला होता. तो पोचलाही होता.

नेदरलँड्स मे १९४० मध्ये पाच दिवसांत पडलं. राणी विल्हेल्मिना आणि सरकार लंडनला गेलं. त्याच वर्षी ब्रिटिशांनी व्याप्त देशांत घातपात आणि बंडाची तयारी करायला स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह, म्हणजे एसओई, उभी केली. तिचं मुख्य कार्यालय लंडनच्या बेकर स्ट्रीटवर होतं. प्रत्येक देशासाठी एक विभाग, आणि हॉलंडचा विभाग त्यातला लहानसा. या विभागाने नोव्हेंबर १९४१ मध्ये दोन माणसं पॅराशूटने ओमेनजवळ उतरवली. तेइस टाकोनिस घातपाताचं काम बघणार होता आणि लाउवर्स रेडिओ सांभाळणार होता.

हा देश हेरांना सोयीचा नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. डोंगर नाहीत, मोठी रानं नाहीत, वस्ती दाट, जमीन तळहातासारखी सपाट. रेडिओवाल्याला एका जागी फार वेळ बसता येत नाही, कारण दिशा शोधणाऱ्या गाड्या फिरत असतात. एका गल्लीपर्यंत, मग एका इमारतीपर्यंत त्या पोचतात. त्यात या जोडीच्या ओळखीच्या साखळीत जर्मनांचा खबऱ्या शिरला होता, रिडरहॉफ नावाचा. अब्वेर या लष्करी गुप्तहेर खात्याच्या हेर्मान गिस्केसने सुरुवातीला त्याच्या बातम्या झिडकारल्या होत्या. असल्या गोष्टी उत्तर ध्रुवावर जाऊन सांग, असं तो म्हणाला आणि तेच पुढे कारवाईचं नाव झालं. बातमी खरी आहे हे कळल्यावर गिस्केसने घाई केली नाही. रिडरहॉफमार्फत त्याने खोटी माहिती सोडली: ‘प्रिन्झ ऑयगेन’ ही जर्मन क्रूझर स्खीडामच्या गोदीत आहे. अटकेच्या संध्याकाळी लाउवर्सच्या खिशात लंडनसाठी जे संदेश होते, त्यात ही बातमी होती. शत्रूने रचलेलं वाक्य तो स्वतःच्या हाताने पाठवायला निघाला होता.

टाकोनिसही तीन दिवसांनी पकडला गेला.

आता त्या इशाऱ्याची रचना. प्रत्येक रेडिओवाल्याला लंडनहून निघताना एक खूण दिलेली असे. तो जर्मनांच्या ताब्यात गेला आणि त्याला बळजबरीने बोलायला लावलं, तर तो ही खूण गाळणार. संदेशात खूण नसली की लंडनने ओळखायचं, माणूस पकडला गेलाय. लाउवर्सची खूण अशी होती की मूळ मजकुरातलं दर सोळावं अक्षर मुद्दाम चुकवायचं. ही चूक मोर्स ठोकताना करायची नाही. मजकूर सांकेतिक लिपीत घालण्याआधी, साध्या अक्षरांतच ती करून ठेवायची. पकडलं गेल्यास वागायचं कसं हेही सांगितलेलं होतं. फारच झालं तर लिपी सांगून टाक, रेडिओ चालव, पण खूण सांगू नकोस.

लिपी जर्मनांनी मिळवली. मग विचारलं, तुझी खूण काय? लाउवर्सचं डोकं इथे ज्या वेगाने चाललं, त्याचं मला आजही नवल वाटतं. त्याच्या खिशातले संदेश जर्मनांसमोर होते आणि त्यातल्या चुका त्यांना दिसणारच होत्या. काही तरी खरं वाटेल असं सांगणं भाग होतं. त्याला आठवलं की दोन ठिकाणी सोळावं अक्षर योगायोगाने ‘स्टॉप’ या शब्दातल्या ‘ओ’वर पडलं होतं. एस-टी-ओ-पी हा शब्द तारेत वाक्य संपलं की येतोच. एका जागी त्याने ‘ओ’चा ‘आय’ केला होता आणि दुसऱ्या जागी ‘ई’. म्हणजे एकदा ‘स्टिप’, एकदा ‘स्टेप’. त्याने सांगितलं, हीच माझी खूण, प्रत्येक संदेशात एकदा ‘स्टॉप’ बिघडवायचा. समोर पुरावा होता, खुलासा त्याला जुळत होता. जर्मनांना पटलं.

म्हणून १२ मार्चला जेव्हा त्याला रेडिओसमोर बसवलं, तेव्हा तो शांत होता. शेजारी जर्मन रेडिओवाला कानाला हेडफोन लावून प्रत्येक टिंब-रेघ ऐकत होता. हात लाउवर्सचा, लय त्याची. हे महत्त्वाचं, कारण मोर्स ठोकण्यात प्रत्येकाचा हात वेगळा असतो. कुणाची रेघ किंचित लांबते, कुणाचं टिंब घाईचं असतं. सवयीच्या माणसाला दोन अक्षरांत कळतं, समोर कोण आहे. हात ओळखीचा असल्याने लंडनला शंका यायचं कारण नव्हतं, आणि तशी ती यायला नकोच होती. शंका यायला हवी होती ती सोळाव्या अक्षरामुळे. ते अक्षर बरोबर होतं, पुढचं सोळावंही बरोबर होतं. लाउवर्सच्या हिशोबाने काम झालं होतं. लंडन आता ओळखेल आणि जर्मनांनाच खेळवेल, या भरवशावर तो ठोकत राहिला.

लंडनने ओळखलं नाही. उत्तर आलं ते नेहमीसारखं. पुढचा माणूस पाठवतोय, उतरवून घ्यायची तयारी ठेवा.

२७ मार्चच्या रात्री स्टेनवाइकजवळ आर्नॉल्ड बाट्सेन उतरला. खाली दिव्यांच्या खुणा बरोबर होत्या, माणसं डच बोलत होती. थोड्या वेळाने हातकड्या पडल्या.

*

इथून पुढचा वर्षभराचा तपशील भराभर सांगून संपवता येईल, कारण तो एकाच घडीचा आहे. एप्रिलमध्ये लंडनने काही तुकड्या स्वागताशिवाय, अंधारात उतरवल्या होत्या. त्या तुटक झाल्या आणि लंडनने त्यांची गाठ लाउवर्सशी घालून दिली, म्हणजेच गिस्केसशी. एकेक करून सगळे सापडले, आणि त्यांचे रेडिओही. सुरुवातीला एक रेडिओ होता, शेवटी जर्मन लोक चौदा वाटांनी लंडनशी बोलत होते. लंडन माणसं पाठवत होतं, शस्त्रं पाठवत होतं, पैसे पाठवत होतं. गिस्केसच्या हिशोबात नुसत्या स्टेनगन तीन हजार होत्या. हे सगळं टाकून जाणारी ब्रिटिश विमानं परतताना पाडलीही जात, आणि त्यांतले वैमानिक या प्रकरणाच्या आकड्यांत सहसा धरले जात नाहीत.

एक प्रसंग मात्र थांबून बघण्यासारखा आहे. मेच्या सुरुवातीला योर्डान हा दुसरा रेडिओवाला पकडला गेला. त्याचा रेडिओ जर्मनांनी स्वतःच्या माणसाला चालवायला दिला आणि लंडनला कळवलं, इथे एक नवा भरवशाचा माणूस मिळालाय, त्याला ठोकायला बसवतोय. त्या माणसाला योर्डानची खरी खूण माहीत नव्हती. म्हणजे खूण गैरहजर, हातही परका, दोन्ही गोष्टी एकाच वेळी. लंडनहून जो निरोप आला त्याचा अर्थ असा होता: नव्या माणसाला खूण कशी वापरायची ते शिकवा.

हा निरोप मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पान मिटून ठेवलं होतं. ज्याने तो लिहिला त्याला खूण नाही हे दिसलं होतं. त्याने ते डोळ्यांनी पाहिलं, कागदावर नोंदवलं, आणि मग ते पकडणाऱ्यांच्याच हाती सुधारायला परत पाठवलं.

लाउवर्सलाही हळूहळू कळत गेलं की तिकडे कुणी बघत नाहीये. त्याने दुसरे मार्ग काढले. संदेशाच्या अवतीभवती जी निरर्थक भरतीची अक्षरं पाठवायची असत, ज्यांकडे शेजारचा जर्मन फारसं लक्ष देत नसे, त्यांत त्याने इंग्रजी ‘कॉट’ शब्दाची अक्षरं घुसवली. सी-ए-यू-जी-एच-टी, म्हणजे पकडलो गेलोय. त्यात पकडला गेला असता तर तिथेच गोळी होती. हेही लंडनला दिसलं नाही.

*

का दिसलं नाही? प्रकरण अभ्यासायचं ते यासाठी.

काही कारणं खरोखर तांत्रिक होती आणि ती लंडनच्या बाजूने मांडायला हवीत. आगगाडीच्या रुळाशेजारी कुजबूज ऐकावी तसे हे संदेश असत. रेडिओ दुबळा, हवामान खराब, ठोकणारा भेदरलेला. लिपी अशी होती की त्यात अक्षरांच्या जागा अदलाबदल होत, अक्षरं तीच राहत. त्यामुळे हवेत एखादं अक्षर बिघडलं, तर उलगडलेल्या मजकुरातही कुठे तरी एक अक्षर बिघडलेलं दिसे. उलगडणाऱ्या मुलींसमोर चुकांनी भरलेला कागद येई आणि त्या गर्दीत एक ठरलेली चूक शोधायची असे. शिवाय खरेखुरे, मोकळे असलेले रेडिओवालेही घाईत खूण विसरत. खूण नाही म्हणून प्रत्येकाला पकडलेला मानलं असतं, तर काम बंद पडलं असतं.

हे सगळं मान्य. पण याच्या उलटी बाजू कुणी मांडताना मला फारशी दिसत नाही. बिघडलेली अक्षरं कुठेही पडू शकतात. दर सोळावं अक्षर मात्र नेमकं बरोबर, आणि हे एका संदेशात नव्हे, एकामागून एक संदेशांत, ही गोष्ट हवामानाच्या माथी मारता येत नाही. एका संदेशावरून निर्णय करू नये हे ठीक. पण सहा संदेश एकाखाली एक ठेवून बघायचं काम कुणाचं होतं? तेच ठरलेलं नव्हतं. १९४२ च्या मध्यापर्यंत एसओईच्या रेडिओची सोय दुसऱ्या, प्रतिस्पर्धी गुप्तहेर खात्याकडे होती. तिथे संदेश ऐकला जाई, उलगडला जाई, खूण नसल्याची नोंद होई आणि कागद पुढे जाई. डच विभागात तो पोचला की मजकूर वाचला जाई. ऐकणाऱ्याला माणूस माहीत नव्हता. माणूस माहीत असलेल्यांना ऐकणं आपलं काम वाटत नव्हतं.

आणि मजकूर छान होता. तळमळीने काम करणाऱ्या लहान विभागाला हवं होतं तसंच सगळं घडत होतं. माणसं सुखरूप उतरत होती, साठे भरत होते, संघटना वाढत होती. ब्लिझर्ड आणि नंतर बिंगम हे या विभागाचे प्रमुख हरामखोर नव्हते. ज्याला मुलाचं पत्र हवं असतं तो अक्षराकडे निरखून बघत नाही, तसं त्यांचं झालं.

गिस्केसने ही भूक जोखली होती. ती भागवायला त्याने रॉटरडॅममध्ये विमानाच्या सुट्या भागांनी भरलेली एक बोट लोकांदेखत उडवून दिली, म्हणजे घातपात चालू असल्याची बातमी दुसऱ्या वाटेनेही लंडनला पोचेल. उन्हाळ्यात लंडनने कोटवाइकच्या रेडिओ मनोऱ्यांवर हल्ला करायला सांगितलं, तेव्हा त्याने हल्ला झाला पण सुरुंगांमुळे फसला, माणसं गेली, असा निरोप पाठवला आणि वर्तमानपत्रांत त्या धर्तीची बातमीही आणवली. लंडनने सांत्वन केलं, शाबासकी दिली. हल्ल्याचं नेतृत्व केल्याबद्दल टाकोनिसला ब्रिटिश पदक जाहीर झाल्याचं कळवलं. तो मार्चपासून कोठडीत होता.

एक माणूस मात्र अस्वस्थ होता. लिओ मार्क्स, एसओईच्या सांकेतिक लिप्यांचा तरुण प्रमुख. त्याला खटकलं ते वेगळंच. इतर देशांतले रेडिओवाले अधूनमधून असा गोंधळ करून ठेवत की संदेश उलगडतच नसे. डच रेडिओवाल्यांचं तसं कधी झालं नाही. भीती नाही, घाई नाही, थंडीने बोटं आखडत नाहीत, हे कसे लोक? टेबल, खुर्ची, दिवा आणि भरपूर वेळ असलेला माणूसच असं बिनचूक काम करतो. त्याने शंका वर कळवली, पण तिचं काही झालं नाही. खूण हरवल्याने जे समजायला हवं होतं, ते अचूकपणावरून समजावं लागलं, आणि तेही एकट्यालाच.

हे हॉलंडपुरतं नव्हतं. १९४३ च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये एसओईचा रेडिओवाला गिल्बर्ट नॉर्मन पकडला गेला. त्याच्या रेडिओवरून जर्मनांनी पाठवलेल्या संदेशात त्याच्या दोन खुणांपैकी दुसरी नव्हती, तर लंडनने त्यालाच विसरल्याबद्दल दटावलं. त्याच साखळीतली रेडिओवाली नूर इनायत खान आपल्याला ठाऊक असते. तिचे वडील, सूफी गायक इनायत खान, गायकवाडांच्या बडोद्यात जन्मले होते. तिला पकडल्यावर तिचाही रेडिओ जर्मनांनी चालवला आणि लंडनने त्यावर विसंबून माणसं उतरवली. नूरच्या धैर्यावर आपल्याकडे भरभरून लिहिलं जातं, ते योग्यच आहे. पण ती जिला संदेश पाठवत होती, त्या टोकाच्या खोलीत काय चाललं होतं हेही तितक्याच तपशिलाने लिहायला हवं.

*

पकडलेल्यांना ब्राबांट प्रांतात हारेन गावच्या एका मोठ्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, ठेवलं होतं. जर्मनांनी तिचा तुरुंग केला होता. सुरक्षा पोलिसांचा योसेफ श्रायडर चौकशीला बसे. नव्या कैद्याला तो आधी बोलू देत नसे. तुझं प्रशिक्षण कुठे झालं, शिकवणाऱ्यांची नावं काय, मेसमध्ये कोण काय बोलायचं, हे तोच सांगे. आधीच्या कैद्यांकडून तुकड्या-तुकड्यांनी गोळा केलेली ती माहिती होती, पण विमानातून नुकत्याच उतरलेल्या माणसाला वाटे, लंडनमध्येच कुणी फितूर आहे. मग गप्प राहण्यात अर्थ काय? अनेक जण तिथे कोसळले. त्यांना दोष देणाऱ्याने स्वतःला त्या खुर्चीत बसवून बघावं.

२९ ऑगस्ट १९४३ च्या रात्री पीटर दूरलाइन आणि बेन उबिंक हे दोघे कोठडीच्या दारावरच्या झडपेतून बाहेर सरपटले. संडासात लपून मध्यरात्रीची वाट पाहिली आणि गादीच्या खोळी फाडून केलेल्या दोरावरून खाली उतरले. टिलबर्गमध्ये त्यांना आसरा मिळाला. बेल्जियम, फ्रान्स करत नोव्हेंबरमध्ये ते स्वित्झर्लंडला बर्नमध्ये पोचले आणि डच लष्करी प्रतिनिधीला सगळं सांगितलं. सगळे पकडले गेलेत. सगळे रेडिओ जर्मनांचे आहेत.

या वेळी तरी इशारा माणसाच्या तोंडून गेला होता. पण गिस्केसने त्याआधीच एका रेडिओवरून लंडनला कळवून ठेवलं होतं: दूरलाइन आणि उबिंक गेस्टापोला मिळालेत, ते तुमच्याकडे येतील, सावध राहा. स्पेनमार्गे हे दोघे फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडला पोचले आणि पुढे त्यांना ब्रिक्स्टनच्या तुरुंगात टाकलं गेलं. नॉर्मंडीत सैन्य उतरलं त्या सुमारास ते सुटले. युद्धानंतर डच राज्याने दोघांना मिलिटरी विल्यम ऑर्डर दिली. डच लष्करी सन्मानांत तिच्या वर काही नाही.

लंडनचे निरोप हळूहळू पाणचट होत गेले, तेव्हा डाव संपलाय हे गिस्केसने ओळखलं. १ एप्रिल १९४४ ला त्याने सगळ्या वाटांवरून साध्या इंग्रजीत, कुठल्याही लिपीशिवाय, विभागाच्या प्रमुखांना नावाने उद्देशून एक व्यापारी थाटाचं पत्र पाठवलं. इतके दिवस या देशात तुमचे एकमेव प्रतिनिधी आम्हीच होतो, आता आमच्याशिवाय धंदा करायला निघालात याचं वाईट वाटतं, तरी याल तेव्हा स्वागत पूर्वीसारखंच होईल, अशा आशयाचं. हे पत्र चातुर्याचा नमुना म्हणून उद्धृत केलं जातं. मला ते वाचवत नाही. ज्यांच्याविषयी ते लिहिलंय ती माणसं तेव्हा जिवंत होती आणि त्यांना जिवंत ठेवू, असा शब्द श्रायडरने चौकशीत दिलेला होता.

युद्धानंतर डच संसदेच्या समितीने या प्रकरणाची खोलवर चौकशी केली. तिच्यापुढे साक्षी झाल्या. लंडनमधले बरेच कागद १९४६ मध्ये बेकर स्ट्रीटवर लागलेल्या आगीत गेले होते, त्यामुळे अनेक डच घरांत संशय होता की आपली मुलं कुठल्या तरी मोठ्या डावासाठी मुद्दाम बळी दिली गेली. समितीने फितुरी मानली नाही. चुका झाल्या, गंभीर चुका झाल्या, असं म्हटलं. मलाही तेच पटतं. पण ज्यांनी आपला मुलगा गमावला त्यांना फितुरीचं उत्तर जास्त सुसह्य वाटलं असेल, हेही कळतं. फितुराला निदान चेहरा असतो.

हारेनचे कैदी आधी आसेनला आणि मग पोलंडमधल्या राविचला हलवले गेले. सप्टेंबर १९४४ मध्ये त्यांतल्या सुमारे ४० जणांना ऑस्ट्रियातल्या माउटहाउझेनच्या छावणीत आणलं. तिथे दगडाची खाण आहे आणि खाणीतून वर यायला १८६ पायऱ्या. ६ आणि ७ सप्टेंबरला त्यांना खांद्यावर दगड देऊन त्या पायऱ्यांवर चालवलं आणि गोळ्या घातल्या.

लाउवर्स त्या गटात नव्हता. तो दुसऱ्या छावणीतून जिवंत परतला आणि सोळाव्या अक्षराची हकिगत स्वतः सांगू शकला. टाकोनिस माउटहाउझेनला होता. लंडनने त्याला पदक जाहीर केल्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती.